माउस सुटला, नेम चुकला

दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांच्या भाच्याने मला सलग सात डाव हरवलं. पोरासोरांकडून हरण्याची सवय वयाबरोबर लागतेच, पण हा खेळ बंदुकीचा होता आणि बंदुकीच्या खेळात मी स्वतःला कोणीतरी समजत होतो. २००३ साली सांगलीच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायला लागलो, तेव्हापासून माझा उजवा हात माउसवर वाढलेला. पुढे घरी कॉम्प्युटर आला, तो दर तीन-चार वर्षांनी आतून बदलत गेला. शेवटी ग्राफिक्स कार्डांच्या किमती ऐकून मी हात टेकले आणि टीव्हीखाली एक कन्सोल आणून ठेवला.

पहिल्या संध्याकाळी सोफ्यावर बसून कंट्रोलर हातात घेतला. समोर शत्रू, मधे दहा पावलं अंतर. मी नेम त्याच्या डावीकडे नेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. तोपर्यंत त्याने मला मारलं होतं. शेजारून आवाज आला, "मामा, तू भिंतीला का गोळ्या मारतोयस?"

डोळे तेच होते आणि खेळही ओळखीचा होता. शत्रू कुठून येणार हे मला भाच्याच्या आधी कळत होतं. फक्त हातातली वस्तू बदलली होती. मग वीस वर्षांचं कसब एका संध्याकाळीत गेलं कुठे?

पळी आणि नळ

उत्तर स्वयंपाकघरात सापडतं. पातेल्यात नेमकं चार पळ्या पाणी घालायचं असेल तर आपण चार पळ्या घालतो. हात जितका हलला तितकं पाणी पडलं, हात थांबला की पाणी थांबलं. पण तेच पातेलं नळाखाली धरून खुणेपर्यंत भरायचं असेल, तर हिशेब बदलतो. तोटी किती फिरवली यावरून पाण्याची पातळी ठरत नाही, धार ठरते. पातळी ठरते ती धार आणि वेळ या दोघांवरून. पाणी खुणेला पोचण्याच्या किंचित आधी तोटी बंद करावी लागते, नाहीतर ते वर जातं.

माउस म्हणजे पळी. तो चार सेंटिमीटर सरकवला की खेळातली नजर ठरावीक अंशांत वळते आणि हात थांबला की तीही थांबते. कंट्रोलरवरची अंगठ्याने ढकलायची स्टिक म्हणजे नळाची तोटी. ती थोडी कलली की नजर हळू वळू लागते, पूर्ण कलली की भरकन वळते, आणि स्टिक मधे परत येईपर्यंत वळतच राहते. माउस खेळाला सांगतो ‘कुठे’, स्टिक सांगते ‘किती वेगाने’. कुठे थांबायचं ते खेळाडूने वेळेच्या अंदाजाने ठरवायचं.

माझं डावी-उजवीकडे हेलकावणं यातून आलं. माझा मेंदू ‘इतकं सरकव’ अशी आज्ञा देत होता आणि अंगठा ती ‘इतक्या वेगाने जा’ अशी पाळत होता. नेम शत्रूपाशी पोचल्यावर मी थांबायचो, पण स्टिक अजून कललेलीच. नेम पुढे जायचा, मी घाबरून उलटी ढकलायचो आणि तो मागे जायचा. नवशिक्या माणसाच्या हातात स्कूटरचा ॲक्सिलरेटर आल्यावर जसे हिसके बसतात, त्यातलाच हा प्रकार.

हा फरक गेम खेळणाऱ्यांनी शोधलेला नाही. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी पडद्यावरचा मजकूर निवडायला कोणतं साधन चांगलं हे मोजलं, आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माउस, वेग ठरवणारी जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा अशी स्पर्धा होती. माउस सर्वांत जलद ठरला आणि चुकाही त्याच्याच सर्वांत कमी. यातला इंग्लिश म्हणजे डग्लस एंगलबार्टसोबत पहिला माउस घडवणारा अभियंता, म्हणजे घरचाच माणूस. पण निकाल नंतरही बदलला नाही.

त्यात अंगांचाही भेदभाव आहे. माउस चालवताना मोठ्या वळणाला कोपर आणि बारीक दुरुस्तीला मनगट-बोटं कामाला येतात आणि पॅडवर फुटभर जागा मिळते. स्टिकला एकटा अंगठा, आणि त्याला प्रवास जेमतेम सेंटिमीटरभर. एवढ्याशा जागेत ‘अगदी हळू’पासून ‘गर्रकन’पर्यंतचे सगळे वेग बसवायचे. समजा खेळात नजर वळण्याचा कमाल वेग सेकंदाला २०० अंश ठेवला आहे. मागून कोणी आला तर १८० अंश वळायला सेकंदाचा नऊ-दशांश भाग जाणार, तुमची प्रतिक्रिया कितीही चपळ असो. माउसवर तेच काम एका झटक्यात होतं. कमाल वेग वाढवावा, तर बारीक नेम अशक्य होतो. नळ मोठा घेतला की वाटी भरणं अवघड!

अंगठ्याला हात देणारा खेळ

मग जगभर इतकी माणसं कन्सोलवर बंदुकीचे खेळ खेळतात कशी? कारण खेळ त्यांना मदत करतो. मला हे कळलं तेव्हा थोडा रागच आला होता.

२००० साली प्लेस्टेशनवर ‘एलियन रिझरेक्शन’ नावाचा खेळ आला. डाव्या स्टिकने चालायचं, उजव्या स्टिकने बघायचं अशी त्याची रचना. तेव्हाच्या एका गाजलेल्या परीक्षणात या रचनेवरच टीका झाली होती. आज कन्सोलवरच्या बंदुकीच्या जवळजवळ प्रत्येक खेळाची हीच रचना आहे. एवढ्यात माणसांचे अंगठे काही बदलले नाहीत, बदलले ते खेळ. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००१ मध्ये, पहिल्या एक्सबॉक्ससोबत बंजी या कंपनीचा ‘हेलो’ आला आणि सोफ्यावर बसून नेम धरता येतो हे लोकांना पटलं. त्यात शत्रूंच्या बऱ्याच गोळ्या डोळ्यांना दिसतील इतक्या सावकाश येतात. थोडा वेळ लपून बसलं की तुमचं कवच आपोआप भरून येतं, म्हणजे एखादी चूक लगेच जिवावर बेतत नाही. शिवाय नेमाला गुपचूप आधार आहे.

या आधाराला खेळाडू ‘एम असिस्ट’ म्हणतात. तो साधारण तीन प्रकारचा असतो. पहिला, चिकटपणा. नेम शत्रूच्या अंगावरून जाऊ लागला की खेळ नजर वळण्याचा वेग आपोआप कमी करतो. गोटी सपाट जमिनीवर सरळ पुढे जाते, पण वाळूचा पट्टा लागला की मंदावते, तसं. दुसरा, ओढ. तुम्ही चालत असताना किंवा शत्रू सरकत असताना नजर त्याच्यामागे थोडी आपणहून वळते. तिसरा प्रकार गोळीचाच. नेम केसभर चुकला असला तरी ती लागली असं खेळ मानून घेतो. हे सगळं इतकं बेमालूम असतं की खेळणाऱ्याला वाटतं, काय नेम आहे आपला!

माउसवाल्यांना ही लबाडी वाटते. मलाही वाटली, तीन दिवस. चौथ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन आधार बंद करून पाहिला आणि अर्ध्या तासात निमूट परत चालू केला. हार्मोनियमवर सूर आधीच लावून दिलेले असतात म्हणून वाजवणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. मात्र माउसवाले आणि कंट्रोलरवाले एकाच मैदानात उतरतात तेव्हा भांडण पेटतं. लांबच्या नेमात आणि झटकन वळण्यात माउस पुढे, तर अगदी जवळच्या झटापटीत खेळाने धरलेला हात माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा जलद. न्याय कोणाचा, यावर मित्रांशी वाद घालून मी दोन रविवार घालवले आहेत.

कंट्रोलरला पळी बनवण्याचा एक मार्गही आहे. कंट्रोलर हातात किती वळला हे ओळखणारा संवेदक, म्हणजे जायरो. निन्टेंडोच्या २०१५ सालच्या ‘स्प्लॅटून’मध्ये मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि बारीक नेम कंट्रोलर किंचित कलता करून धरायचा. मनगट हललं तितकाच नेम हलतो, म्हणजे माउसचंच तत्त्व. मला हे फार आवडलं. बायकोच्या मते मात्र मी खेळताना रिक्षा चालवल्यासारखा दिसतो.

जुन्या रेडिओची खरखर

स्टिकच्या आत काय असतं? बहुतेक कंट्रोलरांत पोटेन्शिओमीटर, म्हणजे विजेला अडवणारी एक पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा धातूचा तुकडा. तुकडा पट्टीवर कुठे आहे त्यानुसार वीज कमी-जास्त जाते आणि त्यावरून स्टिक किती कलली ते कळतं. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असायचं. पट्टी झिजली, धूळ बसली की ते बटण फिरवताना खरखर व्हायची. कंट्रोलरमध्ये खरखर ऐकू येत नाही. स्टिक कोणी न हलवता खेळातला माणूस एका बाजूला चालू लागतो. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

म्हणून जवळजवळ प्रत्येक खेळ स्टिकच्या मध्यभागी एक छोटं वर्तुळ बहिरं ठेवतो. तिथल्या हालचालींकडे तो लक्षच देत नाही. हा ‘डेड झोन’. तो मोठा असेल तर स्टिक ढकलली तरी आधी काहीच घडत नाही आणि बारीक नेम मारला जातो. अगदी लहान ठेवला तर झिजलेली स्टिक लगेच उघडी पडते. झीज टाळायची तर घासणंच टाळावं लागतं. चुंबक आणि त्याचं क्षेत्र ओळखणारा संवेदक वापरला की कशाला काही घासत नाही. यामागचा परिणाम एडविन हॉलने १८७९ सालीच दाखवला होता, आणि सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ साली तो वापरलाही होता. तरी आजही बहुतेक कंट्रोलरांत घासणारी पट्टीच असते.

डावा हात मात्र जिंकला

आतापर्यंत उजव्या हाताचं रडगाणं झालं. डाव्या हाताची गोष्ट उलटी आहे. कीबोर्डवर चालण्याची कळ एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली. मोटारीच्या खेळात वळण घेताना मी ती टक-टक-टक मारायचो, गाडी तुकड्या-तुकड्यांत वळायची. स्टिकवर दबकत चालणं, चालणं आणि धावणं अंगठ्याच्या कलण्यातच आहे आणि मोटारीचं चाक हवं तितकंच वळतं. गाडी किंवा फुटबॉलपटू हे मुळातच वेग आणि दिशा यांवर चालणारे जीव, तिथे नळच योग्य. ज्या मोटारींच्या खेळांना मी वीस वर्षं कंटाळवाणे म्हणत आलो, ते कंटाळवाणे नव्हते. माझ्या हातात चुकीचं साधन होतं.

लोकल आणि शेअर रिक्षा

हात रुळायला दोन आठवडे गेले. डोळे रुळायला त्याहून जास्त. माझा मॉनिटर सेकंदाला १४४ चित्रं दाखवायचा, म्हणजे साधारण ७ मिलिसेकंदांना एक. कन्सोलवर खेळ विचारतो, चित्र जास्त देखणं हवं की हालचाल जास्त सुरळीत? पहिल्या पर्यायात बहुधा सेकंदाला ३० चित्रं मिळतात, दुसऱ्यात ६०. पण ३० किंवा ६०च का? ४५ का नाही?

साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा नवं चित्र घेतो. दर १६.७ मिलिसेकंदांना एक लोकल सुटते असं समजा. चित्र तयार व्हायला २० मिलिसेकंद लागले तर ती लोकल चुकली, आता पुढची, म्हणजे ३३.३ची. कधी पहिली मिळते, कधी चुकते असं झालं की हालचाल अडखळत दिसते. त्यापेक्षा दरवेळी एक सोडून दुसरीच पकडू असं ठरवलं तर चित्रं कमी, पण लय पक्की. हेच ते ३०. टीव्ही १२० वेळा चित्र घेणारा असेल तर दर तिसरी लोकल पकडता येते. तेव्हा सेकंदाला ४० चित्रं मिळतात, दोन चित्रांत २५ मिलिसेकंद. गंमत अशी की वेळेच्या हिशेबात ३० आणि ६० यांच्या बरोबर मधे ४५ नाही, ४० येतं. ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’मध्ये हा पर्याय २०२१ साली मिळाला. आणि काही नवे टीव्ही लोकलच्या ऐवजी शेअर रिक्षासारखे वागतात, वेळापत्रक नाही, भरली की सुटली. याला व्हीआरआर म्हणतात.

३० चित्रं माउसवर मला असह्य व्हायची, स्टिकवर तितकी नाहीत. याचं कारण पुन्हा पळी आणि नळ. माउसवर हात आणि नजर एकाच दोरीने बांधलेले असतात, त्यामुळे चित्र मागे पडलं की लगेच जाणवतं. स्टिकवर नजर आधीच सावकाश, एका लयीत वळत असते. शिवाय पडदा दूर असतो. माझा २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असायचा आणि डोळ्यांपुढे जवळजवळ ४८ अंश व्यापायचा. दिवाणखान्यातला ४३ इंची टीव्ही अडीच मीटरवरून जेमतेम २१-२२ अंश व्यापतो. म्हणजे मोठा पडदा घेऊन मी लहान खिडकीतून बघू लागलो होतो. खेळातली अक्षरं वाचायला पुढे वाकावं लागतं ते यामुळे.

टीव्हीची स्वतःची एक खोडही आहे. क्रिकेट नितळ दिसावं म्हणून तो दोन चित्रांच्या मधे स्वतः रचलेलं चित्र घालतो. त्यासाठी पुढचं चित्र हातात येईपर्यंत त्याला थांबावं लागतं आणि बाकीच्या रंगरंगोटीलाही वेळ जातो. मॅच बघताना हा उशीर कोणाला कळत नाही. खेळताना मात्र बटण दाबलं आणि काहीच झालं नाही असं वाटतं. पहिला आठवडाभर मी माझ्या अंगठ्याला बोल लावत होतो, त्यातला निम्मा दोष या उशिराचा होता.

चौकट : कॉम्प्युटरवरून कन्सोलवर येताना
आधी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा, म्हणजे त्याचा उशीर कमी होतो. नजर वळण्याचा वेग कमी ठेवून सुरुवात करा आणि आठवड्याला थोडा वाढवा. डेड झोन शून्यावरून हळूहळू वाढवत न्या; स्टिकला हात न लावता नजर हलायची थांबली की तिथेच सोडा. एम असिस्ट बंद करू नका. शत्रूवर नेम नेण्याऐवजी नेम तिथेच ठेवून बाजूला पावलं टाका, म्हणजे डावा अंगठा उजव्याचं काम हलकं करतो. पहिला महिना बंदुकीचे नाही, मोटारींचे खेळ खेळा.

शिंप्याने घेतलेलं माप

शेवटचं कोडं डब्याच्या आतलं. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ जीबी मेमरी आणि त्या काळीही मंदच म्हणावा असा प्रोसेसर होता. तरी २०२० साली ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ त्याच यंत्रावर चालला आणि देखणा दिसला. माझा कॉम्प्युटर तर तीन-चार वर्षांतच नव्या खेळापुढे धापा टाकायचा.

कॉम्प्युटरसाठी खेळ बनवणारा तयार कपड्यांच्या दुकानासारखा असतो. गिऱ्हाईक कोणत्या मापाचं येईल हे माहीत नाही, म्हणून सगळ्यांना साधारण बसेल असं शिवायचं. कन्सोलचं माप एकच, त्यामुळे शिंपी इंचभरही कापड वाया घालवत नाही. कॉम्प्युटरवर नवी जागा आली की खेळ क्षणभर अडखळतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. पाण्यावर प्रकाश कसा चमकेल, भिंत किती खडबडीत दिसेल, अशा बारीक सूचनांना ‘शेडर’ म्हणतात आणि त्या प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत रूपांतर कराव्या लागतात. हे काम ऐन खेळात निघालं, तर पंगत बसल्यावर पुरण वाटायला घेतल्यासारखं होतं. कन्सोलचं कार्ड आधीच ठरलेलं असल्याने पुरण कारखान्यातच वाटून येतं.

आणखी एक सोय आहे. कॉम्प्युटरमध्ये सहसा प्रोसेसरची मेमरी वेगळी आणि ग्राफिक्स कार्डाची वेगळी, त्यामुळे माल इकडून तिकडे वाहावा लागतो. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबीचं एकच कोठार दोघांना सामाईक आहे आणि त्याची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी माल आणून टाकते. जुन्या खेळांत नायक अरुंद फटीतून सावकाश सरकत जायचा, तो बऱ्याचदा हार्ड डिस्कला दम मिळावा म्हणून.

फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात प्लेस्टेशन ५ आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. तेवढ्या पैशात त्या तोडीचा कॉम्प्युटर तेव्हा जुळला नसता. पण हा धंदा प्रिंटरसारखा आहे, यंत्र स्वस्त आणि शाई महाग. नवे खेळ महाग पडतात आणि विकत घेतलेले बहुतेक खेळ ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी भरावी लागते. डिस्क मात्र खेळ संपल्यावर विकता येते. कॉम्प्युटरवर ती सोय कधीच संपली.

भाऊबीजेला बहीण आली तेव्हा मी सूड म्हणून जुना कॉम्प्युटर पुन्हा जोडला आणि भाच्याला माउस दिला. त्याने तो उजवीकडे सरकवला, पॅडच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे दाबून धरून नजर वळत राहण्याची वाट बघत बसला. ती थांबली होती. त्याने आणखी जोर लावला.

"मामा," तो म्हणाला, "तुझा माउस बिघडलाय."